कोपऱ्यावरचे सीमोल्लंघन

आज दसरा. पहाटेच्या अंधारातच बाजारपेठांत झेंडूचे ढीग लागले असतील, दारोदारी आंब्याच्या टहाळ्यांची आणि भाताच्या लोंब्यांची तोरणे चढली असतील, पाटीवर सरस्वती रेखून झाली असेल. अशा वेळी फुले किंवा दूध आणायला आपण बाहेर पडतो आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या उपाहारगृहासमोर आपली पावले क्षणभर रेंगाळतात. एरवी ज्याच्या भट्टीची धग रस्त्यापर्यंत येते, तिथे आज निराळीच लगबग असते. डोशाचा तवा घासूनपुसून लख्ख केलेला, त्याच्या कडेवर हळदकुंकवाची बोटे उमटलेली. पीठ वाटायच्या यंत्राला झेंडूची माळ. झाऱ्याला, सुरीला, वजनकाट्याला आणि गल्ल्याच्या लाकडी पेटीला एकेक फूल. शेतकरी नांगर पुजतो, कारागीर हत्यार पुजतो, विद्यार्थी पुस्तक पुजतो. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भुकेची वेळ सांभाळली, ती माणसे आज आपल्या शेगडीपुढे हात जोडतात. पूजा आटोपते. पहिला कप देवापुढे ठेवला जातो आणि दुसरा, रोज सहाच्या ठोक्याला येऊन त्याच बाकावर बसणाऱ्या गिऱ्हाइकापुढे.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. पूर्वी गावाची वेस ओलांडून जायचे, शमीची पूजा करायची आणि आपट्याची पाने घेऊन तिन्हीसांजेला घरी परतायचे, अशी रीत होती. आता शहरे इतकी पसरली आहेत की कुणाची वेस कुठे संपते हे सांगता येत नाही आणि ओलांडायला सीमाच सापडत नाही. पण आपल्याला रोज सकाळी चहा देणारी माणसे कधीकाळी खरीखुरी सीमा ओलांडून आली होती. त्यांचे सीमोल्लंघन तिन्हीसांजेला घरी परतण्याचे नव्हते. मागे राहिलेले घर मनात जपत त्यांनी परक्या मुलखात चूल पेटवली आणि त्या चुलीभोवती हळूहळू आपली वस्ती गोळा झाली. आजच्या दिवशी त्या चुलींचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच आहे.

इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मोठ्या संख्येने माणसे मुंबईला आली. खिशात फारसे काही नव्हते, भाषा वेगळी होती. कोपऱ्यावरची जागा धंद्याला लाभत नाही, अशी इथल्या व्यापाऱ्यांची समजूत होती, असे सांगतात. त्या नाकारलेल्या जागा इराण्यांनी घेतल्या आणि त्यांना दोन्ही रस्त्यांवर उघडणारे दरवाजे दिले. धोबी तलावाजवळ १९०४ मध्ये क्यानी आले, बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ साली ब्रिटानिया उभे राहिले, पुण्यात डेक्कनवर १९३५ मध्ये गुडलक सुरू झाले. संगमरवरी टेबले, बाकदार पाठीच्या लाकडी खुर्च्या, बिस्किटांच्या बरण्या, भिंतीवरचे मोठे आरसे, आणि एका ब्रून-मस्क्यावर व एका 'पानी कम चाय'वर तासभर बसू देणारा मालक, असे एक नवेच घर शहराला मिळाले. एक खोली दहा जणांत वाटून घेणाऱ्या माणसाला त्या टेबलाशी बसून वर्तमानपत्र उघडता येत होते, गावाकडे पत्र लिहिता येत होते. ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन आल्यागेल्याची चौकशी करीत. २०१९ मध्ये ते गेले, तेव्हा ज्यांनी त्यांच्याकडे एकदाच बेरी पुलाव खाल्ला होता, त्यांनाही घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले.

दक्षिणेकडून, तुळुनाडूतून, दुसरी वाट आली. उडुपी-मंगळूरच्या खेड्यांतली दहाबारा वर्षांची मुले आगबोटीने किंवा रेल्वेने मुंबईत उतरली, दिवसभर हॉटेलांत भांडी घासू लागली आणि रात्री कानडी रात्रशाळांच्या बाकांवर बसून अक्षरे गिरवू लागली. अशाच मुलांपैकी एक असलेल्या रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा स्टेशनजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. तिथे केळीच्या पानावर वाढलेल्या भाताच्या ढिगाशेजारी कारकून, विद्यार्थी, प्राध्यापक आणि बाहेरगावचा पाहुणा मांडीला मांडी लावून बसले. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांनी वैशालीला जे रूप दिले, त्यात पुण्यातल्या कितीतरी पिढ्यांचे तारुण्य साठवलेले आहे. तिथल्या सांबाराच्या वाटीसमोर परीक्षांचे निकाल ऐकले गेले, नाटकांच्या तालमी ठरल्या, लग्ने जुळली. इडली-डोसा आपल्या घरांत असा रुळला की तो कधीकाळी परका होता, हे आपल्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. आपल्या मातीतून उठून आलेल्यांनीही चुली मांडल्याच. दादर स्टेशनसमोर १९१० साली मामा काणे यांनी उपाहारगृह काढले, ते 'स्वच्छ' हा शब्द पाटीवर मिरवीत. पुण्यात टिळक रस्त्यावर १९३२ मध्ये बादशाही बोर्डिंग सुरू झाले आणि घर सोडून शिकायला आलेल्या मुलांना वरणभाताची वेळ लाभली. पणजीत कॅफे तातो आणि कॅफे भोंसले शंभरी ओलांडूनही सकाळच्या पावभाजीची पंगत मांडतात.

आणि मग खाणावळी. गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून पाळ्यांच्या हिशेबाने एकेका खोलीत राहत. त्यांच्यासाठी बायका आपल्या दहा बाय बाराच्या बिऱ्हाडातच वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करीत. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, रात्रपाळीचे ताट भलत्याच वेळी, असा त्यांचा दिवस कधी मावळतच नसे. संप झाला की गिरणी थंड होई, पण चूल थंड करता येत नसे. उधारीवर जेवू घालता घालता त्यांच्या अंगावरचे किडूकमिडूकही सावकाराकडे जाई. या कष्टांना नाव आणि बळ मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशा १४ जणींना हाताशी धरून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हते, त्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईच्या श्रमाचा इतिहास लिहिताना आपण भोंगे आठवतो, मोर्चे आठवतो. त्या इतिहासात परातीवरच्या भाकरीचा आवाजही तितक्याच मानाने यायला हवा.

खाणावळीने आपल्या भाषेला एक शब्द दिला आहे: खाडा. महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्या मेंबराने एखाद्या वेळी जेवायला न येणे म्हणजे खाडा, आणि महिनाअखेरीस हिशेबातून तेवढे पैसे वजा होत. वरवर पाहता हा व्यवहारातला रोकडा शब्द. पण जरा थांबून पाहिले तर त्यात केवढी माया दडलेली दिसते! परगावी आलेल्या, कुणाच्याही खिजगणतीत नसलेल्या एका माणसाच्या गैरहजेरीची कुणीतरी वहीत नोंद करीत होते. दोन खाडे लागोपाठ पडले की मावशी दुसऱ्या मेंबराला विचारीत, 'तो दिसत नाही, तापबीप आलाय का?' आणि संध्याकाळी त्याच्या खोलीवर पेजेचा गडू पोचे. उपाहारगृह वस्तीचे केव्हा होते, याचे उत्तर आपल्याला इथे सापडते. उत्तम पदार्थ पुष्कळ ठिकाणी मिळतात. ज्या जागी आपले न येणे कुणाच्या तरी ध्यानात येते, ती जागा आपली होते.

मात्र या टेबलांपर्यंत पोचायला आपल्या समाजाला मोठे अंतर चालावे लागले, याची आठवणही आजच्या दिवशी ठेवली पाहिजे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे वादळ उठले! लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. ज्या समाजात परधर्मीयाच्या हातचा कपभर चहा नामवंतांना इतका महाग पडला, तिथे अस्पृश्य मानलेल्या माणसाने चहाचे दुकान काढले तर तिथे कोण येणार? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्यापुढे हाच प्रश्न होता. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगारामला, पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला, तेव्हा शाहू महाराजांनी त्याला हॉटेल काढून दिले. पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः आपली गाडी त्याच्या दारात उभी करू लागले. सोबतच्या मानकऱ्यांना बरोबर घेऊन, भर रस्त्यात, गंगारामच्या हातचा चहा ते पिऊ लागले. कोल्हापूरचा शाही दसरा आपण कौतुकाने पाहतो, छत्रपतींचे सोने लुटणे पाहायला आजही लोक लोटतात. पण त्या नगरीतले सर्वांत मोठे सीमोल्लंघन एका चहाच्या कपाने झाले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पुढे १९५० मध्ये लागू झालेल्या संविधानाने पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करून तिथला प्रवेश प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला. देशाच्या सर्वोच्च दस्तऐवजात उपाहारगृहाची दखल घेतली जावी, हे आपण सहज वाचून पुढे जातो. ज्यांना दाराबाहेर, वेगळ्या फुटक्या कपात चहा दिला जात होता, त्यांच्या नातवंडांना त्या उल्लेखाचे मोल विचारावे. आणि काही गावांत, काही मनांत तो वेगळा कप अजूनही पूर्णपणे फुटलेला नाही, हेही आज प्रामाणिकपणे कबूल करावे.

एकदा दार उघडले की मग त्या टेबलांवर काय काय घडले! मुंबईच्या काळा घोडा चौकात वेसाइड इन नावाचे उपाहारगृह होते. तिथल्या खिडकीशी अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत आणि समोरच्या चौकातली झाडूवाली, भिकारी, कुत्री आणि इडलीवाली बाई पाहत. २००४ मध्ये आलेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स'मधले जग त्या खिडकीतून दिसलेले आहे. तिथून हाकेच्या अंतरावर, जहांगीर कलादालनाच्या चिंचोळ्या ओसरीत, १९६४ पासून सामोवार होते. खिशात चहापुरतेच पैसे असलेला चित्रकार आणि ज्याची चित्रे लाखांना जातात तो चित्रकार तिथे एकाच बाकावर बसत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर चित्रपट दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेल्या पूना गेस्ट हाऊसने कित्येक नट-गायकांना पडत्या काळात ताट आणि पाठ टेकायला जागा दिली. कलावंताला एकांत लागतो असे आपण म्हणतो. पण भोवती कपबशांचा किणकिणाट आणि माणसांची कुजबुज असलेला हा एकांतही अनेकांना लागत होता, आणि तो चहाच्या किमतीत मिळत होता.

हे सारे टिकते कसे, याचा आपण क्वचितच विचार करतो. जुन्या उपाहारगृहाबद्दल बोलताना 'चव अजून तशीच आहे' असे आपण सहज म्हणून जातो. तशीच चव राखणे हे मोठे जागरण आहे. पावसाळ्यात पीठ लवकर आंबते, थंडीत ते फुगता फुगत नाही; तांदूळ दर हंगामात बदलतो, मिरचीचा तिखटपणा दर खेपेला निराळा, दुधाचा दाट-पातळपणा निराळा. या सगळ्या बदलत्या गोष्टींतून रोज सकाळी एकच न बदलणारी चव काढायची, तर पहाटे तीनला उठून पिठात हात घालून पाहावे लागते, आणि ते हात वर्षानुवर्षे त्याच माणसाचे लागतात. मालक गल्ल्यावर स्वतः बसावा लागतो, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकाचे 'कमी साखरेची' हे बोललेले नसतानाही ऐकावे लागते. भाव वाढवायचा तर दहादा विचार करावा लागतो. समोरचा पेन्शनर दोन रुपयांचाही हिशेब मांडतो, हे मालकाला ठाऊक असते. आपल्याला जे नुसते सवयीचे वाटते, त्यामागे कुणाचे तरी रोजचे व्रत असते. शेगडीची पूजा वर्षातून एकदा होत असली, तरी तिची सेवा तीनशे पासष्ट दिवस चालते.

आणि तरीही एकेक दिवा मालवत चालला आहे. गिरगावात खोताच्या वाडीतली अनंताश्रम ही खाणावळ आता नाही. धोबी तलावाचे बस्तानी हे इराणी हॉटेल गेले. वेसाइड इन गेले. ३१ मार्च २०१५ रोजी सामोवारने शेवटचा कप दिला. टाळेबंदीत कितीतरी लहान हॉटेलांची खाली ओढलेली शटरे पुन्हा वर गेलीच नाहीत. जागेचे भाव, इमारतींचे पुनर्बांधकाम, वाटण्यांचे तंटे, मुलांनी शिकून दुसऱ्या वाटा धरणे, ही कारणे खरी आहेत आणि त्यांतली शेवटची तर अभिमानाचीही आहे. भांडी घासत रात्रशाळेत शिकलेल्या आजोबांचे स्वप्नच ते होते. पण एका कारणात आपलाही वाटा आहे. एखादे जुने हॉटेल बंद होणार अशी बातमी आली की आपण शेवटच्या दिवशी तिथे रांग लावतो, फोटो काढतो, गहिवरतो. त्या रांगेतल्या आपणा सर्वांना गल्ल्यावरचा वृद्ध मालक शांतपणे पाहत असतो. तो काही बोलत नाही, पण त्याच्या मनातल्या वहीत आपले खाडे मांडलेले असतात. आपण कधीपासून आलो नाही, हे त्याला आठवते. आपण घरबसल्या मोबाइलवरून जेवण मागवू लागलो, ते कोणत्या चुलीवर शिजले हे विचारणे सोडले, दारात पिशवी ठेवून गेलेल्या मुलाचा चेहराही पाहिला नाही. त्या काळात इथल्या टेबलावरची आपली जागा रिकामी होती.

काळ मागे फिरवता येत नाही आणि तसा आग्रहही धरू नये. सोय ही वाईट गोष्ट नाही. आजारपणात, म्हातारपणात, दूर नोकरीवरच्या लेकरांना तिचा आधारच आहे. शिवाय सीमोल्लंघन थांबलेले नाही. ज्या भट्टीवर काल उडुपीचा मुलगा होता, तिथे आज ओडिशाचा, उत्तराखंडचा, नेपाळचा किंवा बंगालचा मुलगा उभा आहे. तोही आईला पैसे पाठवतो, तोही तुटक्या मराठीत 'अजून काय देऊ?' असे विचारतो. नवऱ्याच्या पश्चात पोळीभाजी केंद्र चालवून मुलांना शिकवणाऱ्या कितीतरी बायका आपल्या प्रत्येकाच्या वस्तीत आहेत. परक्या मुलुखातून किंवा घराच्या चौकटीतून बाहेर पडून यांनी पेटवलेल्या चुली उद्याच्या वस्त्यांची जुनी ठिकाणे व्हायची आहेत. इराण्यांच्या पहिल्या पिढीशी आपल्या पणजोबांनी जसे वागायला हवे होते, तसे या मुलांशी वागण्याची संधी आपल्याला मिळाली आहे.

म्हणून आजच्या दिवशी काही साध्या गोष्टींचा संकल्प करू या. आपल्या सोसायटीचे पुनर्बांधकाम होत असेल, तर तळमजल्यावरच्या जुन्या उपाहारगृहाला परतायला जागा राहील याचा आग्रह सभेत धरू या. नवी इमारत नुसत्या भिंतींनी वस्ती होत नाही. महापालिकांनी वारसा म्हणून दगडी कमानी जपाव्या, आणि त्यांच्यासोबत माणसांना एकत्र बसवणाऱ्या या जागांचाही विचार करावा. वाढप्याला 'ए' म्हणून न बोलावता त्याचे नाव विचारू या. नातवंडांना महिन्यातून एकदा तरी त्या टेबलावर नेऊ या आणि अनोळखी माणसाच्या शेजारी बसून खाण्याची सवय लावू या, कारण ही सवय हाच नागरिकत्वाचा पहिला धडा आहे. आणि मालकांनीही पाटीवरचे जुने साल मिरवताना, दार सर्वांसाठी सारखेच उघडे आहे ना, आणि भांडी घासणाऱ्या मुलाला रात्रशाळेचा वेळ मिळतो ना, हे आपल्या पूर्वजांना स्मरून पाहावे.

आज संध्याकाळी आपण आपट्याची पाने खिशात घालून निघू. थोरामोठ्यांच्या पाया पडू, स्नेह्यांना सोने देऊ, 'सोन्यासारखे राहा' म्हणू. परतताना वाटेत त्या कोपऱ्यावर जरा थांबू या. तवा अजून हळदकुंकवाने माखलेला असेल, गल्ल्यावरची झेंडूची माळ थोडी कोमेजली असेल. एक पान गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात ठेवू या, एक भट्टीवरच्या वस्तादाच्या, आणि एक भांडी विसळणाऱ्या, परगावाहून आलेल्या त्या पोराच्या. मग जरा वेळ बसू या, चहा मागवू या. आपला खाडा फार लांबला आहे. तो आजच मोडू या.